शंभर टक्के निकाल? आधी आठवीचं हजेरीपत्रक दाखवा!

दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत चौकाचौकात फ्लेक्स लागतात. 'उज्ज्वल यशाची परंपरा कायम, निकाल १०० टक्के!' पहिल्या तीन मुलांचे फोटो, आणि त्यांच्या डोक्यावर त्यांच्यापेक्षा मोठा संस्थाध्यक्षांचा फोटो. आपण बघतो, कौतुक करतो आणि घरातल्या धाकट्याचं नाव त्याच शाळेत घालतो.

मंडळी, मला या शंभर टक्क्यांचा राग येतो. शनिवारची सुट्टी आहे, चहा झालाय, तर आज तो राग नीट मांडून टाकतो.

आधी हिशोब. समजा, आठवीत ६० मुलं आली. दहावीला शाळेतर्फे नियमित म्हणून बसली ४०, आणि ती सगळी पास झाली. फ्लेक्सवर १०० टक्के. आता छेदात ४० ऐवजी ६० घाला. साधारण ६७ टक्के! मधली वीस मुलं गेली कुठे? काही वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या शाळेत गेली असतील, मान्य. आणि बाकीची?

बाकीची कुठे जातात ते मी बघितलंय. मी कुंभारीचा. सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर आमचं गाव. विडी कामगार बायकांसाठी आडम मास्तरांनी, म्हणजे नरसय्या आडम यांनी, लढून उभी केलेली गोदूताई परुळेकर वसाहत इथलीच. दहा हजार घरं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या, आणि आमच्यासारखी हजारो कुटुंबं शहरातल्या एका खोलीच्या भाड्यातून सुटून इथे आली. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, शाळेत मराठी. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळणार आणि पोरं शेजारी बसून गृहपाठ करणार, हे इथलं घरोघरचं चित्र.

मी २०१० च्या जूनमध्ये आठवीत गेलो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण ही एका शाळेची खोड नाहीच. शिक्षण हक्क कायदा त्याच वर्षी १ एप्रिलला लागू झाला होता. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, कुणाला शाळेतून काढायचं नाही. त्यामुळे आठवीचा वर्ग गच्च. एका बाकावर तीन-तीन जण, मधल्याने लिहायचं तर कडेच्याने कोपर आत घ्यायचं. मे महिन्यात मास्तर लोक घरोघरी फिरून "आमच्याच शाळेत घाला हो" म्हणून सांगत होते. का? तर पट भरला पाहिजे. किती शिक्षक मंजूर होणार हे पटावर ठरतं. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की कुणीतरी अतिरिक्त ठरतो. म्हणजे आठवीत आलेलं प्रत्येक पोर हे कुणाच्या तरी नोकरीचा आधार होतं.

पुढच्या वर्षी, ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला, राज्यभर पटपडताळणी झाली. खोटा पट दाखवणाऱ्या शाळा पकडायच्या होत्या. मतदानाला लावतात तशी बोटाला शाई लावून आम्हाला मोजलं. सरकारने इतक्या काळजीने मोजल्यामुळे आम्हाला फार भारी वाटलं होतं राव!

आणि मग आला नववीचा निकाल. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्या बोटाला शाई लागली होती, त्यातल्या काहींच्या पालकांना शाळेत बोलावणं गेलं. बोलणं साधारण असं असतं: "बाई, पोरगं दहावीत टिकायचं नाही. इथेच ठेवलं तर नववी परत करावी लागेल. त्यापेक्षा पास करून देतो, दाखला घेऊन जा. सतरा नंबरचा फॉर्म भरा." दिवसभर विड्या वळून आलेली बाई यावर काय बोलणार? अंगठा किंवा सही, आणि दाखला हातात.

शहरी मित्रांसाठी सांगतो. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता दहावीला खाजगीरीत्या बसण्याचा अर्ज. सोय मुळात चांगली आहे. परिस्थितीमुळे शिक्षण सुटलेल्या माणसाला परत परीक्षेला बसता येतं. पण बोर्डाच्या निकालात नियमित, खाजगी आणि पुनर्परीक्षार्थी यांचे रकाने वेगळे. राज्याचा २०२५ चा ९४.१० टक्के निकाल म्हणून जो छापून आला, तो नियमित मुलांचा. म्हणजे ज्या पोराची भीती वाटते त्याला खाजगीच्या रकान्यात ढकललं की शाळेचा निकाल चकाचक. तो पास झाला तर छानच, नापास झाला तरी शाळेच्या नावावर काही नाही. आणि त्याने फॉर्म भरलाच नाही, टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभा राहिला किंवा ती मुलगी आईशेजारी सूप घेऊन बसली, तर त्याचा रकानाच नाही.

दहावीत आमच्या बाकांवर दोन-दोन जण बसायचे. ऐसपैस.

विडीच्या धंद्यात एक शब्द आहे, छाट. बायका वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात गेल्या की तपासणारा त्यातल्या खराब विड्या बाजूला काढतो. ती छाट. तिचे पैसे बाईला मिळत नाहीत. आमच्या आयांनी या छाटीविरुद्ध आयुष्यभर भांडण केलं. तरी एक सांगतो, छाट निदान बाईच्या डोळ्यांदेखत काढतात. किती काढली ते तिला कळतं. शाळेतली छाट कुठल्याच कागदावर छाट म्हणून येत नाही. 'पालकांच्या विनंतीवरून दाखला दिला' एवढीच नोंद. झालं.

आता नेहमीचे दोन मुद्दे येणार, ते आधीच घेतो.

एक, "मग काय, सगळ्यांना ढकलपास करायचं?" अजिबात नाही. नववी येत नसेल तर खुशाल नापास करा. पण त्याच शाळेत, त्याच बाकावर बसवून परत शिकवा. नापास करणं आणि हाकलणं यात फरक आहे. गंमत म्हणजे कायद्याला हा फरक कळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ च्या नियमांनंतर, पाचवी आणि आठवीत फेरपरीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं. पण आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. मग नववीत पाऊल टाकल्याबरोबर हे संरक्षण का संपावं?

दोन, "शिक्षकांवर निकालाचं केवढं प्रेशर असतं!" असतंच. निकाल घसरला की वरून खुलासा मागतात आणि खालून पालक पळतात. शिक्षकांना मी खलनायक म्हणत नाहीये. आठवीत पटाची बेरीज आणि नववीत निकालासाठी वजाबाकी, दोन्ही त्यांच्याकडून करून घेतली जाते. दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे. जे मोजाल त्याचीच काळजी घेतली जाणार.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. टीममधल्या एखाद्याने फेल होणाऱ्या टेस्ट केसेस डिलीट केल्या आणि "बघा, बिल्ड हिरवं!" म्हणाला, तर आपण त्याचं काय करू? मॅनेजर त्याला उभा करून झापेल. शाळेने तेच केलं की आपण हार-तुरे घेऊन जातो.

आणि योग्य मोजणं काही अशक्य नाही. अमेरिकेत २००८ मध्ये नियम झाला आणि २०१०-११ पासून सगळी राज्यं साधारण एकाच सूत्राने आकडा काढायला लागली. नववीत पहिल्यांदा आलेली मुलं छेदात, त्यातली चार वर्षांत हायस्कूल पूर्ण केलेली अंशात. एखादं मूल छेदातून वगळायचं तर ते दुसऱ्या शाळेत गेल्याचा कागद दाखवावा लागतो. 'सोडून गेला' एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते, प्रत्येकाला कायमचा क्रमांक असतो. आठवीतले क्रमांक घ्या, दहावी पास झालेल्यांशी जोडा, शाळावार टक्केवारी काढा. आपल्यातला कुठलाही फ्रेशर ही क्वेरी लिहून देईल. अडतंय ते इच्छेपाशी.

घाई एवढ्यासाठी की कुंभारीत आता रे नगर उभं राहिलंय. तीस हजार घरांची वसाहत, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. तिथली पोरंही आठवीत येणार, तिथेही मास्तर घरोघरी फिरणार. त्यातली किती दहावीच्या बाकापर्यंत पोचली, हे कोण सांगणार?

शेवटी तुमच्या-माझ्याबद्दल. आपल्या फोनवर शाळेचा ग्रुप असतो, आणि त्याचं नाव असतं 'दहावी बॅच २०१३'. आठवीची बॅच असा ग्रुप मी तरी बघितलेला नाही. नववीत गळालेल्यांना ना ग्रुपमध्ये जागा, ना गेट-टुगेदरच्या फोटोत. मग शाळा 'यशस्वी माजी विद्यार्थी' म्हणून आपल्याला बोलावते, शाल-नारळ देते, आणि नव्या इमारतीसाठी देणगी मागते.

द्या की. पण चेक फाडण्यापूर्वी हेडसरांना नम्रपणे विचारा, "सर, यंदा दहावीला बसलेली मुलं आठवीत होती तेव्हाचं हजेरीपत्रक जरा बघू?"