सांता ऑनलाइन, आपण म्यूटवर!

'हॅलो... हॅलो... माझा आवाज येतोय का?'

ख्रिसमस पार्टी म्हटलं की कुणाला प्लम केक आठवतो, कुणाला वाइन आठवते. मला मात्र हे वाक्य आठवतं! २४ डिसेंबर २०२०, गुरुवार, संध्याकाळचे सात. लॅपटॉपच्या स्क्रीनवर अडतीस चौकोन. त्यातल्या जेमतेम वीस-बावीस चौकोनांत माणसं, बाकीच्यांत नुसतीच नावाची आद्याक्षरं. आमचे साहेब डोक्यावर सांताची लाल टोपी घालून अगदी मनापासून भाषण करत होते आणि... म्यूटवर होते! चांगली तीन मिनिटं कुणी त्यांना सांगितलंच नाही. का सांगावं? वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात छान भाषण चाललं होतं!

मग हाऊजी झाली. नेटवर्कने अर्धे आकडे गिळले, त्यामुळे एकदम तिघांना फुल हाउस लागलं. मध्येच कुणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी आणि पाठोपाठ आवाज आला, 'अगं, ती तुझी पार्टी राहू दे, आधी गॅस बंद कर!' त्या संध्याकाळी आम्ही खळखळून हसलो ते तेवढंच. आठ वाजून दहा मिनिटांनी 'मेरी ख्रिसमस गाइज' झालं आणि दहा सेकंदांत अडतीसचं शून्य. पार्टी संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीला टेकून तासभर गप्पा हाणायची जी मजा असते, ती झूमवर कुठून आणणार?

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे परवा आलेली एचआरची मेल. 'यंदाची ख्रिसमस पार्टी हायब्रिड मोडमध्ये!' म्हणजे अर्धी टीम जालना रोडवरच्या ऑफिसात, काही जण पुण्यात, दोघं घरून, आणि वाळूजच्या प्लांटमधली मंडळी नेहमीप्रमाणे पाळीवर. थोडक्यात काय, कोव्हिड गेला तरी 'सगळे एका जागी' हा प्रकार काही परत आलेला नाही. म्हणून म्हटलं, त्या पहिल्या ऑनलाइन नाताळाने काय शिकवलं ते एकदा सांगून टाकावं.

अकराच्या आत घरात

आठवतंय ना ते वर्ष? तेव्हा आपलं शहर औरंगाबाद होतं. दिवाळी कशीबशी पार पडली होती, आणि तेवढ्यात ब्रिटनमधल्या विषाणूच्या नव्या प्रकाराची बातमी आली. राज्य सरकारने २२ डिसेंबर २०२० ते ५ जानेवारी २०२१ या काळात महापालिका क्षेत्रांत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लावली. झालं! हॉटेलातलं बुकिंग कॅन्सल, डीजे कॅन्सल, आणि एचआरच्या मॅडमनी रातोरात झूमची लिंक पाठवली. खाली ठळक अक्षरांत : 'अटेंडन्स कंपल्सरी, कॅमेरा ऑन.'

अर्थात आम्ही एकटेच नव्हतो. जगभर हेच चाललं होतं. ब्रिटनमध्ये कंपनीच्या वार्षिक पार्टीला माणशी १५० पौंडांपर्यंत करसवलत असते. ती ऑनलाइन पार्टीलाही मिळेल, असं तिथल्या करखात्याने त्या वर्षी जाहीर करून टाकलं. म्हणजे घरात एकट्याने बसून खाल्लेला केकही सरकारदरबारी पार्टी ठरला! झूमनेही मोठ्या मनाने नाताळापुरतं फुकटच्या अकाउंटवरचं ४० मिनिटांचं बंधन उठवलं. (खरं सांगू? ते बंधन राहिलं असतं तर आमची पार्टी जास्त सुंदर झाली असती.)

मॅडमनी खर्चात मात्र कंजूषपणा केला नव्हता. सगळ्यांच्या घरी कुरियरने केक पोचला होता. पण तो होता अंड्याचा, आणि दिवस होता मार्गशीर्षातला गुरुवार! टीममधल्या निम्म्या मुलींच्या घरी महालक्ष्मीची पूजा मांडलेली, संध्याकाळी सात म्हणजे ऐन नैवेद्याची वेळ. दुसऱ्या दिवशी मोक्षदा एकादशी. आमच्या आईने तो केक शनिवारपर्यंत गॅलरीतल्या स्टुलावर, घराबाहेर ठेवला होता.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण एक गोष्ट मला पुढच्या महिन्यात कळली, आणि तिच्यावर काही हसता येईना.

न आलेला डबा

आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये एक मुलगा आहे. आमच्या अख्ख्या ऑफिसात तेव्हा तो एकटाच ख्रिश्चन. मराठवाड्यातलाच, अस्सल मराठी. दरवर्षी नाताळात तो मोठा स्टीलचा डबा घेऊन यायचा. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा. 'हा तर दिवाळीचा फराळ!' असं नव्याने जॉइन झालेलं कुणीतरी दरवर्षी म्हणायचं, आणि तो दरवर्षी हसून सांगायचा, 'आमच्याकडे नाताळलाच करतात. तेल तेच, झारा तोच, फक्त महिना वेगळा.' डबा अर्ध्या तासात रिकामा व्हायचा.

त्या ऑनलाइन पार्टीला तो नव्हता. म्हणजे लिस्टमध्ये नाव होतं, पण चौकोन काळा. सोमवारी त्याला एचआरची मेल गेली, 'नॉन-पार्टिसिपेशनचं कारण कळवा.' त्याने कळवलं, 'नेटवर्क इश्यू.' विषय संपला.

जानेवारीत ऑफिस थोडं थोडं सुरू झालं, तेव्हा एकदा चहाच्या टपरीवर मी सहज विचारलं, 'काय रे, कुठे होतास त्या दिवशी?'

'चर्चमध्ये.'

'सात वाजता? तुमचं तर रात्री असतं ना?'

'अगं, कर्फ्यू होता ना. उपासना संध्याकाळी ठेवली होती. मोजक्याच लोकांना आत सोडत होते.'

'मग तसं कळवायचं ना सरळ!'

'काय कळवू?' तो म्हणाला. 'ख्रिसमस पार्टीला येऊ शकत नाही, कारण ख्रिसमस आहे?'

मी हसले. तोही हसला. मग चहाचा ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, 'आणि तसंही ह्या वर्षी घरात काही केलं नाही. आई गेली ना सप्टेंबरात.'

मला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं! सप्टेंबरात ग्रुपवर मेसेज आला तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेल्या इमोजी टाकल्या होत्या, मीही टाकली होती. नंतर तीन महिन्यांनी त्याच ग्रुपवर आम्ही लाल टोप्यांचे सेल्फी टाकले, आणि ह्या वर्षी डबा आला नाही हे अडतीसपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. ऑफिस सुरू असतं तर कदाचित आलं असतं. ते टेबल रिकामं दिसलं असतं. स्क्रीनवर फक्त एक चौकोन काळा होता, आणि काळे चौकोन तर सोळा-सतरा होते.

वाळूजचं शहाणपण

ही गोष्ट मी आमच्या वाळूजच्या प्लांटमधल्या एका सुपरवायझर भाऊंना सांगितली. वीस-बावीस वर्षं पाळ्यांमध्ये काढलेला माणूस. त्यांना आमच्या ऑनलाइन दुःखाचं काही फारसं कौतुक वाटलं नाही. म्हणाले, 'ताई, तुमचं एकत्र न जमणं आत्ता सुरू झालं. आमचं बाराही महिने तेच हाय की! एक पाळी आत आली की दुसरी बाहेर. मी न् माझा सख्खा मेहुणा एकाच कंपनीत, पण भेटतो ते गेटवर.'

'मग तुम्ही सण कसे करता?'

त्यांनी खंडेनवमीचं सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा असते. पहिल्या पाळीचा नारळ पहिली पाळी फोडते, दुसरीचा दुसरी. मशीन एकच, पण हार तीन! आणि प्रसादाचं काय? 'रात्रपाळीचा प्रसाद सकाळीच बाजूला काढून ठेवायचा. झाकून. वर चिठ्ठी. त्याला हात लावायची कुणाची टाप नाही.'

मंडळी, मला तर वाटतं, मॅनेजमेंटच्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा हे भारी आहे! आम्ही काय केलं होतं? सगळ्यांना एकाच वेळी, एकाच स्क्रीनवर कोंबायचा प्रयत्न. जो आला तो 'पार्टिसिपेटेड', जो नाही आला त्याला मेल. प्लांटमध्ये मात्र जो येऊ शकत नाही त्याचा वाटा आधी काढतात. आपल्या घरीही आई हेच करते की! लेट येणाऱ्याचं ताट झाकून ठेवते, 'नॉन-पार्टिसिपेशनचं कारण' विचारत बसत नाही.

टेक टू

पुढच्या वर्षी आम्ही जरा शहाणे झालो. मॅडमनाही सगळं कळलं होतं, आणि त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी स्वतःच त्या मुलाला पंधरा दिवस आधी विचारलं, 'तुमच्याकडे कसं कसं असतं ते सांगा, आणि पार्टी कधी ठेवू तेही सांगा.' पार्टी ठेवली मंगळवारी, २१ डिसेंबर २०२१ ला, दुपारी चारला, ऑफिसच्या वेळेत. बरं झालं लवकर ठेवली, कारण २४ तारखेला ओमायक्रॉनमुळे पुन्हा निर्बंध आले आणि रात्री नऊ ते सकाळी सहा पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायला बंदी झाली.

मोजून ४० मिनिटं. अडतीस जणांचा गोंधळ न घालता सहा-सहा जणांचे ग्रुप. भाषण नाही! आणि डबे. एका बचत गटाकडून करून घेतलेल्या करंज्या, चिवडा आणि एगलेस केकचा तुकडा. ऑफिसच्या लोकांना तोच डबा, प्लांटच्या तिन्ही पाळ्यांना तोच, कंत्राटी कामगार, कॅन्टीनच्या मावशी, ड्रायव्हर आणि गेटवरचे वॉचमन काका यांनाही तोच. प्रत्येकावर हाताने लिहिलेलं नाव. वॉचमन काका म्हणाले, 'पंधरा वर्षांत कंपनीत माझं पूर्ण नाव पहिल्यांदा वाचलं.'

आणि शनिवारी, २५ तारखेला, आम्ही तिघीजणी त्या मुलाच्या घरी गेलो, आमच्या हातच्या करंज्या घेऊन. तो, त्याचे बाबा आणि आम्ही तिघी, म्हणजे बरोब्बर पाच. नियमात! त्याने डबा उघडला, एक करंजी खाल्ली आणि म्हणाला, 'सारण जरा कोरडं झालंय.' मग दुसरी घेतली. त्याच्या बाबांनी तिसरी घेतली आणि म्हणाले, 'हिची पण पहिल्या वर्षी अशीच झाली होती.' त्यानंतर आम्ही तास-दीड तास बसलो. कुणाचाही आवाज म्यूट नव्हता.

ट्राय करून बघा!

तुमच्याही ऑफिसात यंदा 'हायब्रिड'चा घाट घातला असेल, तर आमच्या चुकांमधून आलेल्या या चार टिप्स घ्या. फुकट आहेत!

*आधी विचारा.* ज्यांचा सण आहे त्यांना वेळ, दिवस, पद्धत विचारा. सांताची टोपी कुणीही घालेल, पण २४ च्या संध्याकाळी तो माणूस कुठे असतो हे ठाऊक हवं. सुट्टीचंही बघा. आपल्या राज्यातल्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवायच्या. त्या ठरवताना टीममधला एकटा-दुकटा माणूस मोजला जातो का?

*ऑफिसच्या वेळेत, ४० मिनिटांत.* संध्याकाळी सातची पार्टी म्हणजे कुणाच्या तरी घरातल्या नैवेद्यावर, पोळ्यांवर किंवा बाळाच्या झोपेवर घाला. कॅमेरा ज्याला हवा त्याने लावावा.

*डबा सगळ्यांना सारखा.* साहेबांना ड्रायफ्रूट आणि वॉचमनला कॅलेंडर, हे बंद! आणि हो, अंडं, उपवास, शुगर... एकदा विचारून घ्या.

*न आलेल्याला फोन करा.* मेल नको, इमोजी तर नकोच. 'का आला नाहीस?' असंही नको. 'तुझा डबा ठेवलाय, कधी नेतोस?' इतकंच पुरे.

यंदाच्या मेलवर मी हेच उत्तर पाठवलंय. वर एक सूचनाही केलीय, की साहेबांनी भाषण जरूर करावं. मागच्यासारखंच, म्यूटवर!

आणि तुमच्या ऑफिसात गेल्या वर्षी यायचा आणि यंदा आला नाही, असा एखादा डबा आहे का हो? असेल तर हे पान मिटा आणि आधी तो फोन लावा. मेरी ख्रिसमस!