प्रिंटर बदलण्याआधी कॉपी कोण मोजतंय ते बघा

पालघर-बोईसर पट्ट्यात मी प्रिंटर आणि नेटवर्कची कामं करतो. तारापूर एमआयडीसीतून संध्याकाळी फोन येतो तो बहुधा असा: ‘तीन कॉपी दिल्या, एकच निघाली.’ नाहीतर, ‘तीन दिल्या, नऊ निघाल्या.’ गाडी भरलेली असते, ताडपत्री बांधून झालेली असते आणि डिस्पॅचचा मुलगा प्रिंटर बंद-चालू करत बसलेला असतो. मालक नवीन मशीन घ्यायच्या गोष्टी करू लागतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, जरा थांबा. अशा तक्रारीत मशीन सहसा ठणठणीत असतं.

जीएसटीच्या नियम 48 प्रमाणे मालाचं बिल तीन प्रतींत लागतं. मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी ट्रान्सपोर्टरला, तिसरी आपल्याला. ई-इनव्हॉइस करणाऱ्यांना ही सक्ती नाही, पण गेट आणि अकाउंट्स कागद मागतातच.

पूर्वी डॉट मॅट्रिक्सवर तीन पदरी कार्बनचा कागद चढवत. काही ट्रान्सपोर्टवाल्यांकडे तो अजून आहे. पिन एकदा आपटली की तिन्ही पानांवर ठसा, त्यामुळे आकडा चुकायचा प्रश्नच नव्हता. लेझरला मात्र किती प्रती हव्यात ते सांगावं लागतं, आणि सांगणारे बरेच असतात. टॅलीत तीनचा आकडा असतो. विंडोजच्या ड्रायव्हरमध्येही कुणीतरी कधीतरी तीन करून ठेवलेले असतात. झाल्या नऊ! एकच प्रत निघत असेल तर एचपीच्या काही ड्रायव्हरमधला ‘मोपिअर मोड’ तपासा. तो चालू असला की संगणक काम एकदाच पाठवतो आणि प्रती काढायचं प्रिंटरवर सोडतो. प्रिंटरची मेमरी त्याला पुरी पडली नाही की पुढच्या प्रती येतच नाहीत. डिव्हाइस सेटिंग्जमध्ये तो बंद केला की प्रत्येक प्रत संगणकच पाठवतो. नेटवर्कवर थोडा जास्त भार पडतो, पण गाडी सुटते.

माझं मत स्पष्ट आहे. प्रती बिलाच्या सॉफ्टवेअरनेच मोजाव्यात आणि ड्रायव्हरमध्ये कायम एक असावा. कारण या तीन प्रती सारख्या नसतात, प्रत्येकीवर वेगळा शिक्का छापावा लागतो. मोजणी ड्रायव्हरकडे दिली तर तिन्ही पानांवर ‘ओरिजिनल’ येतं आणि ट्रान्सपोर्टरच्या हातात चुकीचा कागद जातो.

एवढा साधा बदल डिस्पॅचवाल्याला करता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रिंटर सर्व्हरवरून शेअर केलेला असतो, पासवर्ड बाहेरच्या माणसाकडे आणि तो माणूस वसईला. सुरक्षेची काळजी मला मान्य आहे. पण विंडोजमध्ये फक्त त्या एका प्रिंटरपुरता ‘मॅनेज धिस प्रिंटर’ हा अधिकार देता येतो. संध्याकाळी सातला गाडी ज्याच्यामुळे सुटते किंवा अडते, त्याला तो द्यायलाच हवा.

आणि नवा प्रिंटर बसवणाऱ्याचे पैसे चुकते करण्याआधी डिस्पॅचच्याच संगणकावरून, रोजच्याच सॉफ्टवेअरमधून तीन प्रतींचं बिल काढून घ्या. विंडोजच्या टेस्ट पेजवर समाधान मानू नका. ते एकच पान छापतं, त्यात हा घोळ दिसत नाही.