माईक बंद, तर ठरावही बंद



भाद्रपद लागला की आपल्या भागात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे दुपार कलली की विजा कडाडत येणारा पाऊस, आणि दुसरी म्हणजे साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि कायद्याप्रमाणे त्यापुढच्या सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, सभा घ्यावी लागते. लातूरकडे मांजरा, विकास, रेणा घ्या, नाहीतर नांदेडकडे भाऊराव चव्हाण घ्या, नियम सगळ्यांना एकच.

यात एक गोम आहे, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. गाळप चालू असते तेव्हा आपलेच बगॅस जळते, आपलाच टर्बाइन फिरतो, आणि कारखान्याचा आवार दिवाळीसारखा उजळलेला असतो. पण सभा भरते तेव्हा मिल बंद, बॉयलर थंड. वर्षभरात सभासदाच्या आवाजाला विजेची खरी गरज असते त्याच दिवशी वीज तयार करणारा आपला कारखाना बाहेरच्या लाईनच्या भरवशावर बसलेला असतो!

काही वर्षांमागे अशाच एका सभेला आम्ही हजर होतो. कोणत्या कारखान्याची, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. भला मोठा पडदा, तीन कॅमेरे, मंडपभर कर्णे. एक वयस्कर सभासद उसाच्या बिलातील कपातीबद्दल विचारायला माईकजवळ उभे राहिले. दोन वाक्ये झाली नाहीत तोच लाईट गेली. माईक मुका, पडदा काळा. पुढच्या चार रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका झाला. जनरेटर चालू व्हायला तीन मिनिटे गेली, पडदा पूर्वपदावर यायला आणखी पाच. तोवर दोन विषय उरकले होते. मागच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला विचारत होते, ‘काय म्हणले हो? काय मंजूर झालं?’ शेजारी म्हणाला, ‘मलाबी ऐकूच आलं नाही बघा.’

यात कुणाचा डाव होता असे आम्ही म्हणत नाही. डाव नसतानाही सभासदाचा हक्क बुडाला, हेच आमचे म्हणणे आहे. म्हणून या विषयाकडे मंडपवाल्याचे काम म्हणून न बघता सभासदांचे काम म्हणून बघावे, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट, मेंदू आणि बाहू वेगळे ओळखावेत. माईकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर, कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर जावे हे ठरवणारा स्विचर, संगणक, इंटरनेटचा राउटर हा सभेचा मेंदू. याला वीज थोडीच लागते, पण क्षणभरही खंड चालत नाही. लाईट दोन सेकंद गेली तरी ही यंत्रे पुन्हा जागी व्हायला काही मिनिटे घेतात आणि घरून सभा पाहणाऱ्यांचा धागा तुटतो. मोठे अॅम्प्लिफायर आणि एलईडीचा पडदा हे बाहू. त्यांना किलोवॅटने वीज लागते, पण थोडा दम धरता येतो. तेव्हा बाहू जनरेटरवर आणि मेंदू यूपीएसवर, अशी वाटणी असावी. शिवाय मंचाजवळ एक लहान अॅम्प्लिफायर आणि दोन कर्णे बॅटरीवर राहू द्यावेत. आपल्या जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वीच्या अॅम्प्लिफायरला मागे १२ व्होल्टच्या बॅटरीची जोडणी असायची. लाईट गेली की जीपची बॅटरी लावून भाषण पुढे चालू!

हिशेब अवघड नाही. समजा, मेंदूच्या सगळ्या यंत्रांची बेरीज ४०० वॅट आली. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांत कागदावर २,४०० वॅट-तास होतात. पण साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, शिवाय यूपीएसही आपला वाटा खातो. म्हणून सहा नव्हे, दोनच तास धरावेत. तेवढ्यात जनरेटर नक्की चालू होतो. न झाला तरी सभा रीतसर थांबवता येते.

दुसरी गोष्ट, चांगल्या स्विचरला विजेच्या दोन वायरी असतात, म्हणजे एक पुरवठा गेला तरी दुसरा सांभाळतो. पण आम्ही पाहिले आहे, दोन्ही वायरी एकाच बोर्डात खोचलेल्या! दोन दावी एकाच खुंट्याला बांधली आणि खुंटाच उपटला, तर बैल थांबेल का? एक वायर एका यूपीएसवर आणि दुसरी दुसऱ्यावर, तेव्हाच त्या दोन म्हणायच्या.

तिसरी गोष्ट तुम्ही शेतावर रोज भोगता. लाईट आली की ऑटो स्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचल घेतात आणि डीपी जळतो. मंडपातही तेच. लाईट आल्याबरोबर सगळे एकदम चालू करू नये. आधी मेंदू, मग पडदा, शेवटी मोठे अॅम्प्लिफायर, आणि बंद करताना उलटा क्रम. सगळ्या यंत्रांचे अर्थिंग एकच असावे, नाहीतर कर्ण्यातून गुंई-गुंई सुटते. न्यूट्रल पक्का आहे ना, हे वायरमनने स्वतः पाहावे. न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि घरोघरचे टीव्ही कसे जळतात हे कुणाला सांगायला नको.

कुणी म्हणेल, दोन-दोन व्यवस्था म्हणजे उधळपट्टी. त्यांना मुंबईची आठवण द्यावीशी वाटते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या राहिल्या. कळवा-पडघा भागातील ४०० केव्हीची एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती, आणि भार उचलणारी दुसरीही बंद पडली. जोडी होती, पण जोडीतला एक बैल गोठ्यात असताना दुसरा बसला. राखीव व्यवस्था नुसती असून भागत नाही. ती त्या दिवशी, त्या घडीला तयार पाहिजे.

म्हणूनच सभेच्या आदल्या दिवशी पूर्ण भार चालू ठेवून, चार सभासदांच्या देखत मेन स्विच ओढावा. माईक चालू राहिला तर व्यवस्था आहे, न राहिला तर फक्त बिल आहे. बॅटरी दरवर्षी म्हातारी होते, ती दरवर्षी तपासावी. जनरेटरची टाकी भरलेली असावी आणि सभा संपेपर्यंत एक माणूस पॅनेलपाशी बसून राहावा.

कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, कारखान्यांच्या सभा ऑनलाईन झाल्या. दूरच्या सभासदाला आणि चूल सोडून येऊ न शकणाऱ्या भगिनींना घरून सभा पाहता येते, ही चांगली सोय आहे. पण मंडपातला मेंदू जागा आणि गावातली लाईट गेलेली, तर काय उपयोग? शेतकी गट कार्यालयात एक लहान यूपीएस आणि एक पडदा ठेवला, तर आसपासच्या गावांची सोय होईल.

आता शेवटचे, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे. यंत्र कितीही चांगले असले तरी कधीतरी दगा देणारच. त्या वेळी काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. आमची सूचना अशी : माईक बंद असेल तोवर कोणताही विषय मताला टाकू नये. ज्या सभासदाचे बोलणे तुटले, त्याला वीज आल्यावर पहिल्यापासून बोलू द्यावे, आणि बंद-चालूची वेळ इतिवृत्तात लिहावी. यासाठी कर्ज लागत नाही की टेंडर लागत नाही. अध्यक्ष महोदयांनी सभेच्या आरंभी एवढे जाहीर केले तरी पुरे.

मोठ्या पडद्यावर अध्यक्षांचा चेहरा दिसतो, ही शोभा आहे. मागच्या रांगेतल्या सभासदाचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकू येणे, हा सहकार आहे. पैसा कमी पडला, तर पडदा एक हात लहान घ्या, पण बॅटरी मोठी घ्या.

जय सहकार.