परकें तेल व आपला नांगर

शेतकऱ्याचें सुखदुःख पावसावर अवलंबून असतें, हें आपण वाडवडिलांपासून ऐकत आलों आहोंत. परंतु गेल्या दोन पिढ्यांत त्यास आणखी एका गोष्टीची जोड मिळाली आहे. ती म्हणजे परदेशांतून येणारें खनिज तेल. पाऊस कोणाच्या हातचा नाहीं. तेल मात्र माणसांच्या हातचें आहे, आणि तीं माणसें वारंवार एकमेकांशीं लढतात. आपल्या देशास लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या शंभर भागांपैकीं ८५ हून अधिक भाग बाहेरून येतात. ज्याच्या शेतांत ट्रॅक्टर चालतो, ज्याचा माल मोटारीनें बाजारास जातो व जो युरियाचीं पोतीं आणतो, त्यानें तेलाचा व लढायांचा संबंध नीट समजून घेतला पाहिजे, असें आमचें मत आहे.

हा संबंध जुना आहे. इंग्रजांच्या आरमारानें कोळसा सोडून तेल पत्करलें. पण इंग्लंडजवळ स्वतःचें पुरेसें तेल नव्हतें. म्हणून १९१४ सालीं ब्रिटिश सरकारनें इराणांतील तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. १९४१ सालीं अमेरिकेनें जपानचें तेल तोडलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जपाननें युद्धांत उडी घेऊन सुमात्रा व बोर्निओ येथील तेलविहिरींकडे मोर्चा वळविला. १९४२ च्या एप्रिलांत ब्रह्मदेशांतून मागें हटतांना इंग्रजांनीं येनानजाँव येथील विहिरी आपल्या हातांनीं उद्ध्वस्त केल्या, आणि इकडे घासलेटाची टंचाई झाली. ज्याच्याजवळ तेल नाहीं तो त्यासाठीं लढतो, आणि ज्याच्याजवळ आहे त्याच्या दारीं लढाई चालून येते.

आतां स्वातंत्र्यानंतरचा अनुभव पाहा. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध झालें. कांहीं महिन्यांतच तेलाचा भाव सुमारें चौपट झाला, व त्यामागोमाग खतेंही महागलीं. मुंबईच्या समुद्रांत १९७४ सालीं तेल सांपडलें, त्यानें मोठा आधार दिला. पण खप त्याहून झपाट्यानें वाढला. १९९० च्या ऑगस्टांत इराकनें कुवेत गिळला. तेलाचा खर्च वाढला, आणि आधींच खालावलेली परकी गंगाजळी इतकी आटली कीं १९९१ सालीं देशाचें सोनें परदेशीं गहाण ठेवावें लागलें. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां कच्चें तेल पिंपामागें १०० डॉलरांच्या वर गेलें, आणि पोटॅश व डीएपी यांचे भाव भडकले. या तीन लढायांपैकीं एकींतही आपण पक्षकार नव्हतों. पण तिन्हींचा खर्च आपणही भरला.

खताचा धागाही तेथेंच जातो. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, आणि आपल्या कारखान्यांस लागणाऱ्या वायूचा मोठा भाग द्रवरूपानें जहाजांतून येतो. कतारच्या वायूस होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीवांचून सागरी वाट नाहीं. जगांत खपणाऱ्या तेलाचा सुमारें पांचवा हिस्साही २०२४ सालीं तिच्यांतूनच गेला. सरकार युरियाचा भाव बांधून ठेवतें, म्हणून शेतकऱ्यास झळ दिसत नाहीं. पण तो पैसा ज्या तिजोरींतून जातो, तिच्यांतूनच कालवे व गोदामेंही व्हावयाचीं असतात.

कोणी म्हणेल, आपण कांदा, द्राक्षें व कापूस परदेशीं विकतों, मग तेल विकत घेण्यांत कमीपणा कोणता? व्यापारांत कमीपणा नाहीं. परंतु कांदा न मिळाल्यास घेणारा दुसरी भाजी खाईल. डिझेल न मिळाल्यास नांगरट थांबते. जेथें पर्याय नाहीं, तेथें गिऱ्हाईक हें गिऱ्हाईक न राहतां ताबेदार होतें.

दुसरे म्हणतील, घरीं ऊंस असतां तेलाची चिंता कशाला? पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशानें २०२५ सालीं गांठला. त्यांत आपल्या साखर कारखान्यांचा वाटा आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पण २०२३ सालीं पाऊस कमी पडला, आणि डिसेंबरांत उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारला बंधन घालावें लागलें. शिवाय ट्रॅक्टरची भूक डिझेलची, पेट्रोलाची नव्हे. जेथें माघांतच विहिरी आटतात, तेथें इंधनासाठीं ऊंस लावणें म्हणजे एक परावलंबन काढून दुसरें ओढवून घेणें होय.

मोटेकडे व बैलांकडे परत चला, असें आमचें म्हणणें नाहीं. मजूर व वैरण यांची स्थिति पाहतां तें शक्यही नाहीं. करण्याजोगें आहे तें इतकेंच: मातीची तपासणी करून मगच खत घालावें. शेणखत, तागाचें हिरवळीचें खत व कडधान्यांचा फेरपालट यांनीं नत्राचा कांहीं भाग घरचा करावा. शेणाचा वायु चुलीस व रबडी शेतास द्यावी. विहिरीवर सौर पंप बसवावा. मात्र ऊन फुकट म्हणून पाणी उपसत सुटूं नये. ट्रॅक्टर दारोदार कर्ज काढून उभे करण्यापेक्षां सोसायटीमार्फत सामाईक ठेवावे, व नांगरटीच्या अनावश्यक पाळ्या कमी कराव्या.

यांतील कोणत्याही उपायानें आखातांतील लढाई थांबणार नाहीं. पण तिचा वार आपल्या बांधापर्यंत येतां येतां बोथट होईल. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं आपणांस वर्षांत किती डिझेल व किती युरिया लागला, याचा हिशेब संघाच्या वार्षिक सभेपुढें मांडावा, अशी आमची सूचना आहे. गरज किती हें कळल्यावांचून ती कोठें कमी करावी हें कळत नाहीं. अवर्षणासाठीं आपण कणगींत धान्य राखून ठेवीत आलों. लढाईनें येणाऱ्या अवर्षणासाठींही तशीच तजवीज शेतकऱ्यानें आधीं केली पाहिजे.