कोणाच्या चेहऱ्यावर किती प्रकाश?

एच. जी. वेल्स यांचे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध झाले. खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांनी घरातल्या जमिनीवर लढाया कशा लढाव्यात, याचे नियम त्यात आहेत. विज्ञानकादंबरीकाराचा विरंगुळा म्हणून वाङ्मयाचे अभ्यासक ते बाजूला ठेवतात. त्या काळी असे सैनिक दुकानातूनच रंगवून येत. आज युद्धखेळाचा छंद असणारा माणूस बहुधा बिनरंगी मूर्ती विकत घेतो आणि स्वतः रंगवतो. त्याच्या या कामात कथनाचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते.

मूर्ती जेमतेम २८ ते ३२ मिलिमीटर उंचीची. एवढ्या लहान वस्तूवर खोलीतल्या उजेडाने पडणाऱ्या सावल्या डोळ्यांना पुरत नाहीत. अंगरख्याला नुसता निळा रंग दिला, तर कोरलेल्या घड्याही दिसेनाशा होतात. म्हणून रंगवणारा सावल्या स्वतः निर्माण करतो. आधी अस्तर, त्यावर मूळ रंग. मग पाण्यासारखा पातळ, गडद 'वॉश', जो घड्यांच्या खाचांत उतरून वाळतो. नंतर ब्रशवरचा रंग जवळजवळ पुसून टाकून तो उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, किंवा मूळ रंगात थोडा थोडा उजळ रंग मिसळत एकेक थर चढवायचा. धातूचा रंग मुळीच न वापरता, करड्या-पांढऱ्या छटांतून तलवारीचे पाते चमकवण्याचीही रीत आहे. मात्र ती चमक ठरावीक कोनातूनच खरी वाटते. वास्तवाचा आभास हवा असेल, तर वास्तवाहून ठळक व्हावे लागते. वास्तववादी कथा शिकवताना आपण याहून वेगळे काय सांगतो?

परंतु खरा पेच पुढे आहे. सैन्यात शंभर मूर्ती असू शकतात आणि रंगवणाऱ्याचा वेळ मोजका असतो. रूढ सल्ला असा, की सेनापतीवर थरामागून थर चढवा, त्याच्या डोळ्यांत बुबुळे काढा. शिपायांना मूळ रंग आणि वॉश पुरे. मेजावर तीन फुटांवरून कोणाला कळणार? ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली 'सपाट' आणि 'गोलाकार' पात्रांचा भेद मांडला. त्याचे याहून मूर्त उदाहरण सापडणे कठीण. शिपायाची मूर्तीही सेनापतीइतकीच गोल घडवलेली असते. तो सपाट दिसतो, कारण त्याच्यासाठी वेळ काढला गेलेला नसतो.

२०१९ साली गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने 'कॉन्ट्रास्ट' नावाचे रंग बाजारात आणले. फिकट अस्तरावर एकच हात दिला, की हा रंग खोलगट भागांत दाटतो आणि उंचवट्यांवर विरळ राहतो. उजेड आणि सावली एकदमच मिळतात. यामुळे कौशल्य बुडेल, ही तक्रार मला पटत नाही. ज्याच्या वाट्याला काहीच येत नव्हते, त्या शिपायाला निदान थोडी छाया लाभते. मात्र उजेड कुठे पडावा, हे येथे मूर्तीचा उंचसखलपणा ठरवतो. सर्वांना सारखीच छाया मिळते. ही समता सोयीची आहे. तिला दृष्टी म्हणता येणार नाही.

प्रश्न वाचलेल्या वेळाचा आहे. तो पुन्हा सेनापतीच्या झालरींवरच खर्च झाला, तर नव्या रंगाने काहीच बदलले नाही. तोच वेळ मागच्या रांगेतल्या एकेका शिपायाच्या गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर उजळ रंगाचा ठिपका ठेवण्यात गेला, तर ती रांग माणसांची होते.

वेल्स यांच्या पुस्तकानंतर वर्षभरातच, १९१४ साली, खरे महायुद्ध सुरू झाले. त्यात मेलेल्या सैनिकांत बहुसंख्य साधे शिपाईच होते. रंगवलेले सैन्य असो वा युद्धावरची कादंबरी, मागच्या रांगेतल्या माणसाला किती थर दिले आहेत, हे मी आता आधी पाहतो.