भिंत कोणाची?



योजनेचा पैसा आला की गावात चित्रकार येतो, शाळेची नि चावडीची भिंत रंगवतो आणि ‘पाणी वाचवा’ लिहून जातो. लोणी-धामणीच्या कोरडवाहू माणसाला पाणी वाचवायला भिंतीने शिकवायचे?

आमचा विरोध चित्रांना नाही. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार पाहा. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने ते ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. सुमारे ७५ कलावंतांनी तिथली २५ ठिकाणे रंगवली. गावकऱ्यांनी पुस्तकांसाठी राहत्या घरांतली जागा दिली. रंग बाहेरून आला, पण घर गावाने उघडले. म्हणून त्या भिंतींना अर्थ आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि पिके त्यावर ठरतात. असा ताळेबंद आपल्या चावडीच्या भिंतीवर का नको? चित्रकाराने कपाशीची डोमकळी आणि तिच्यातली गुलाबी बोंडअळी मोठी करून काढावी. न वाचणाऱ्यालाही ती ओळखता येईल. शेजारी काळा फळा सोडावा. त्यावर पावसाचे मिलिमीटर, विहिरीची पातळी, ज्वारीचा बाजारभाव खडूने रोज बदलता येईल.

चित्रकारही घाम गाळतो. त्याला पुरते दाम मिळालेच पाहिजे. पण विषय कचेरीने ठरवायचा नाही. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: भिंत आमची, चित्रही आमच्या कामाचे.