अकरावीचे गणित
दहावीनंतर विज्ञान शाखेत गणित, जीवशास्त्र की दोन्ही, हे पुढच्या प्रवेशावरून ठरवावे लागते. वैद्यकीयच्या ‘नीट’मध्ये गणित नाही; अभियांत्रिकीला मात्र ते सहसा चुकत नाही. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २००पैकी १०० गुण एकट्या गणिताचे, प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. त्यातले सुमारे २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. तरीही घरोघरी अकरावी हे विश्रांतीचे वर्ष समजले जाते, आणि ते महागात पडते. एनडीएतून हवाई दल किंवा नौदल गाठायचे, तरी बारावीला गणित हवेच. गणिताला फाटा दिलेल्या विद्यार्थ्याला ‘नीट’ हुकल्यावर अभियांत्रिकीची वाट सहसा उरत नाही. दोन्ही विषय ठेवणे कष्टाचे, पण सुरक्षित. वाणिज्य शाखेतही गणित सोडण्याची घाई नको: दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागते.